पाय कसाय?

प्रयोगशाळेतल्या काचेच्या उंच पेटीत शिवतेज इंगवलेचा उजवा पाय पळत होता. शिवतेज स्वतः मात्र बाजूच्या टेबलावर बसून खारे शेंगदाणे खात होता.

"ह्यो पाय कुणाचा म्हणायचा?" आबा साळोख्यांनी विचारलं.

"ह्याचाच," डॉ. फरीदा बागवान म्हणाल्या. "आम्ही ह्याला प्रतिदेह म्हणतो. शिवतेजच्या मांडीत बारीक संवेदक बसवलेत. ते जे टिपतात ते इथं प्रकाशात उमटतं. प्रत्येक स्नायू, प्रत्येक मज्जातंतू."

"मग ह्यालाच खेळवू की. निदान काचंत तरी दुखावणार न्हाई."

डॉक्टर हसल्या. आबांना हसू आलं नाही. कोल्हापुरातल्या नागझरी तालमीच्या फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक, आणि शिवतेज त्यांचा आघाडीपटू. त्याच्याइतके गोल करणारा पोरगा शहरात नव्हता आणि त्याच्याइतका घरी बसणाराही नव्हता. साखळी स्पर्धा संपली की एक चषक, तो संपतोय तोवर दुसरा, असा कोल्हापूरचा हंगाम. त्यात ह्याच्या मांडीमागचा स्नायू कधी फाटेल ह्याचा नेम नसायचा. आबांनी त्याला एक सामना आड खेळवून पाहिला, अर्धाच वेळ उतरवून पाहिला, सोप्या संघांविरुद्ध झाकून ठेवला. काही उपयोग झाला नाही. नुकताच स्नायू चौथ्यांदा फाटून भरला होता.

"आता जरा इस्कटून सांगा डॉक्टर. ह्यो सारखा सारखा तिथंच का फाटतोय?"

डॉक्टरांनी पेटीतला पाय थांबवला. मांडीच्या मागं एक पिवळा ठिपका लुकलुकत होता.

"स्नायू फाटला की मज्जासंस्था तिथं एक राखणदार नेमते. पाय पूर्ण ताणायची वेळ आली की हा राखणदार मेंदूचा आदेश क्षणभर अडवून धरतो. जखम भरून येते, पण राखणदार काही नोकरी सोडत नाही. मग मांडीचा पुढचा स्नायू वेळेवर ओढतो, मागचा उशिरा जागा होतो आणि त्या ओढाताणीत पुन्हा फाटतो."

"म्हंजे राखायला ठेवला त्यानंच घर फोडलं."

"अगदी."

"मग हाकला की त्याला."

"हाकलता येतं. विस्मरण-उपचार म्हणतो आम्ही. चुंबकीय स्पंदनं देऊन ती जुनी आठवण पुसायची. पण हा राखणदार काळजीवर जगतो. शिवतेजच्या मनात पायाची भीती आली की तो परत येऊन उभा राहील. आणि भीती एकाची दुसऱ्याला लागते. समोरच्याच्या आवाजातली खरी भीती मेंदू चटकन पकडतो, शब्दांचा अर्थ लागायच्या आधीच." त्या शिवतेजकडे वळल्या. "दिवसभरात किती जण विचारतात रे, पाय कसाय म्हणून?"

शिवतेजचं चावणं थांबलं. "मोजायचं कसं मॅडम? दूधवाल्यापासनं सुरू होतंय."

"ते बंद. हंगाम संपेपर्यंत कोणीही पायाचं नाव काढायचं नाही. आणि सगळ्यात जास्त जपायचं ते तुम्ही, शालनताई."

शालनताई म्हणजे शिवतेजची आई. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या आणि इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

"मीच का?"

"लोक नुसते सवयीनं विचारतात. तसल्या विचारण्यात भीती नसते, ती मेंदूला शिवत नाही. तुमच्या विचारण्यात असते."

"मग मी त्याला विचारू तरी काय?"

"दुसरं काहीही विचारा."

आता नागझरी पेठेत कुणाची चौकशी करू नका म्हणणं म्हणजे चहात साखर घालू नका म्हणण्यापैकीच. पण पेठेनं मनावर घेतलं. तालमीच्या दारात फळा लागला: 'शिवतेजच्या पायाची चौकशी करू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो जास्तच पाळला गेला. शिवतेज दिसला की म्हातारी माणसं पाऊसपाण्याचं बोलायची. एका काकूंनी तर नको तो शब्द तोंडातून निघू नये म्हणून तोंडाला पदर लावला आणि तशाच त्याला नमस्कार करून गेल्या. शिवतेज पोट धरून हसला.

शालनताईंनी दुसरं काहीही शोधून काढलं. तो सरावावरून आला की त्यांची नजर आधी त्याच्या मांडीकडे जायची, ओठ हलायचे, आणि मग त्या विचारायच्या, "जेवलास का?" सकाळी विचारायच्या, दुपारी पोस्टातून फोन करून विचारायच्या, जेवून हात धुवत असतानाही विचारायच्या.

"आई, आत्ताच उठलो की पानावरनं."

"होय का? बरं." आणि त्या आत जाऊन उगाच डबे पुसायच्या. पोराचा पाय आपल्या आवाजानं मोडू शकतो हे कळल्यावर आईनं काय करायचं? त्यांनी तेवढं केलं.

उपचार लागू पडला. प्रतिदेहातला पिवळा ठिपका विझला. शिवतेज एकामागून एक सामने पूर्ण वेळ खेळला आणि त्याच्या पायात साधा गोळासुद्धा आला नाही. आबांना हंगामात पहिल्यांदा शांत झोप लागली.

फक्त गोल होईनात.

तो पूर्वीपेक्षा जोरात पळत होता, फटका पूर्वीपेक्षा कडक होता, आणि प्रत्येक फटका गोलरक्षकाच्या हातात जाऊन बसत होता. दुसऱ्यांच्या गोलांवर तालीम कशीबशी पुढं सरकत राहिली आणि उत्तरवेस तालमीविरुद्ध अंतिम सामन्यात पोचली. पण चहाच्या गाड्यावर लोक शिवतेजबद्दल बोलताना आवाज खाली घेऊ लागले. शेवटी आबा त्याला घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत आले.

डॉक्टरांनी ह्या खेपेला पेटीत दोन पाय उभे केले. एक मागच्या वर्षीचा, एक आत्ताचा.

"हा जुना गोल. बघा, कंबर वळली. गोलरक्षक पायाकडे बघत नाही, कंबर बघून झेप घेतो. झेपावला. पण पाय अजून आलेलाच नाही, राखणदारानं अडवून धरलाय. गोलरक्षक जमिनीवर पडल्यावर पाय येतो." त्यांनी दुसरा पाय हलवला. "आणि हा आत्ताचा. कंबर आणि पाय बरोबर. गोलरक्षकाला सगळं आधीच कळतं."



"आम्ही त्याला तेजाची कला म्हणायचो," आबा म्हणाले.

"मी पण," शिवतेज म्हणाला.

"मग मुद्दाम थांब की लेका."

"थांबून बघितलं आबा. मुद्दाम थांबलो की कंबर बी थांबती. मग त्यो पण थांबतोय."

डॉक्टरांनी मान डोलावली. "ते मनानं जमणार नाही. राखणदारच हवा. आणि तो परत आला तर एक सांगून ठेवते. स्नायूचं मूळ हाडापाशी पातळ झालंय. आता झटका बसला तर फाटण्यावर भागणार नाही, ते हाडापासून सुटेल. चालता येईल. पळता येईल की नाही, मी सांगू शकत नाही."

आबांनी शिवतेजकडे पाहिलं. त्यांना काय हवं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

"नको," शिवतेज म्हणाला. "कळायला लागल्यापास्नं पहिल्यांदाच मी पायाकडं न बघता पळतोय आबा. लई बरं वाटतंय. गोल दुसरं कोणतरी करंल."

"बरं," आबा म्हणाले. "तुझा पाय, तुझा शब्द."

"आणि ही गोष्ट ह्या खोलीबाहेर जायची नाही," डॉक्टर म्हणाल्या.

ती गेली. तालमीच्या कट्ट्यावर कोणीतरी शिवतेजला नावं ठेवली, आबांना राहवलं नाही, आणि त्याची बाजू घेताना सगळं सांगून झालं. ते तोंडातून निसटलं की मुद्दाम सोडलं, हे आबांना स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी संघ तालमीतून मैदानापर्यंत चालत जातो. पुढं झेंडा, मागं खेळाडू, दोन्ही बाजूंना पेठ. फळा कोणीतरी काढून ठेवला होता. शिवतेज कोपऱ्यावर आला तेव्हा दूधवाला म्हणाला, "तेजा, पाय कसाय?"

शिवतेजला वाटलं, विसरला असेल. मग पानवाल्यानं विचारलं. मग पदर लावणाऱ्या काकूंनी विचारलं, तोंडावरचा पदर बाजूला करून. मग ज्यांच्या मांडीवर तो लहानाचा मोठा झाला होता त्या सगळ्यांनी. आवाज गोड होते, आणि विचारून झाल्यावर प्रत्येक जण त्याच्या मांडीकडे बघत होता. त्याला सगळं कळलं. त्यानं वळून आबांकडे पाहिलं. आबा झेंड्याकडे बघत चालत होते.

"झकास आहे," शिवतेज प्रत्येकाला म्हणत गेला. त्याला फार वाईट वाटलं, पण त्यानं चाल मोडली नाही.

शालनताई पोराचा सामना बघायला कधीच जात नसत. त्यांच्या जिवाला सोसायचं नाही. आज डॉक्टरांनी त्यांना आग्रहानं आणलं होतं आणि शेजारी बसवलं होतं. राखणदार नसलेला पाय कसा पळतो हे आईनं एकदा डोळ्यांनी बघावं, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरांच्या मांडीवर एक छोटी काचेची पाटी होती, तिच्यावर शिवतेजचा पाय जिवंत दिसत होता.

"वाटेत सगळ्यांनी त्याला विचारलं," शालनताई म्हणाल्या.

"कळलं मला. पण हे बघा." डॉक्टरांनी पाटी दाखवली. "ठिपका नाही. त्यांना पायाची काळजी नव्हतीच, गोलाची होती. मेंदू फसत नाही, शालनताई."

सामना शेवटाकडे आला तरी गोल नव्हता. मग मधल्या फळीतून एक लांब चेंडू सुटला आणि शिवतेज त्याच्यामागे एकटा निघाला. असा पळताना त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. समोरून उत्तरवेसचा गोलरक्षक पुढं आला. डावीकडून त्यांचा बचावपटू घसरत येत होता, बुटाचे खिळे वर करून. शिवतेजनं पाय मागं घेतला.

सगळी पेठ गप्प झाली. आपल्या विचारण्याचा उपयोग झाला का, ते बघत होती.

त्या शांततेत शालनताई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहिलो हे त्यांना कळलंसुद्धा नाही. त्यांना फक्त ते खिळे दिसत होते.

"तेजा, पाय!"

डॉक्टरांच्या पाटीवर पिवळा ठिपका पेटला.

कंबर वळली. गोलरक्षक झेपावला. पाय आला नाही. बचावपटूचे खिळे जिथं पाय असायला हवा होता तिथून मोकळेच निघून गेले. मग पाय आला. चेंडू सावकाश, अगदी रमतगमत, रिकाम्या गोलात गेला.

मैदान पेटलं. शिवतेज एक पाऊल पुढं गेला, त्याचा हात मांडीमागं गेला आणि तो खाली बसला. डॉक्टर पाटी तिथंच टाकून पायऱ्या उतरू लागल्या. शालनताई उभ्याच होत्या. दोन्ही हात तोंडावर होते. ते हात तिथं पोचायला उशीर झाला होता.

स्नायूचं मूळ हाडापासून सुटलं होतं. डॉक्टरांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं आणि पायाला पट्ट्या बांधून, शस्त्रक्रियेची तारीख ठरवून त्याला घरी पाठवलं.

संध्याकाळी चषकाची मिरवणूक इंगवल्यांच्या घरासमोर आली आणि ढोल आपोआप थांबले. माणसं दाराशी जमली. दूधवाला होता, काकू होत्या, आबा चषक छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभे होते. आत शिवतेज खाटेवर पाय लांब करून बसला होता. आता विचारायला कुणाची हरकत नव्हती. एकानंही विचारलं नाही. आबांनी चषक उंबऱ्यावर ठेवला, हात जोडले आणि ते गेले. मागोमाग सगळे पांगले.

शालनताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. भात कधीच निवला होता. शिवतेज कुबड्या टेकत दारापर्यंत आला.

"मी ओरडले," त्या वळून न बघता म्हणाल्या. "इतके दिवस जीभ दाताखाली धरली आणि आज मीच ओरडले रे."

त्यानं एक कुबडी भिंतीला लावून ठेवली.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग वाढ की दोघांना," तो म्हणाला आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसला.