दिलेलं नाव

गेलेले दिवे परत आले तरी गोष्ट मध्येच सोडून कुणी उठायचं नाही. आणि दुसरी अट. या गोष्टीत एका मुलीचं नाव आहे, ते मी घेणार नाही. दिवसा विचारलंत तरी टाळेन, आता तर विचारूच नका.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा वसतिगृहातला मित्र. आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी शिक्षक झालो, तो पाळक झाला. आवाज असा, की प्रार्थना म्हणायला लागला की खानावळीतला आचारीसुद्धा झारा खाली ठेवायचा. चर्चने त्याला काम सुरू करायला पाठवलं ते डांबरी रस्ता संपल्यावरही तासभर गाडी हाणावी लागेल अशा ठिकाणी. बरोबर बायको आणि पाच वर्षांची मुलगी. बायको नर्स. पत्र्याचं घर, पुढच्या खोलीत तिचा दवाखाना, मागे यांचा संसार, आणि बाजूला उपासनेसाठी बांधलेली एक लांबलचक खोली.

दवाखान्यात सकाळपासून रांग. उपासनेच्या खोलीत चिटपाखरू नाही. लोक गोळ्या घ्यायचे, हसायचे, हात जोडायचे आणि घरी जायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर रविवारी हा स्वच्छ झगा घालून उपदेश करायचा आणि ऐकायला दोघीच, बायको आणि मुलगी. त्यातली एक झोपलेली.

"अहो, माझ्या रांगेतले दोघंतिघं देऊ का उसने?" बायको चेष्टा करायची. "खोकतील जरा, पण बसतील."

तो हसायचा. पण आत कुठेतरी लागायचं. आपण इथे कशाला आलो, हा प्रश्न त्याला भाकरीच्या घासाबरोबर छळायचा. एक माणूस मिळू दे, देवा. एकच.

तर नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. त्या दिवशी अमावस्या होती. तो गाडी घेऊन शहरात सुताराकडे गेला, सांगून ठेवलेली बाकं आणायला. सुतार जुना ओळखीचा, तोंडाने फटकळ.

"पाळकसाहेब, एवढ्या बाकांवर बसवणार कुणाला? कोंबड्यांना?"

"तुम्ही या की पहिल्या बाकावर."

"मी बसलो तर तुमचा उपदेश झोपेत ऐकेन. जरा थांबा, पॉलिश ओलं आहे. आत्ता भरलीत तर घरी पोचेपर्यंत धुळीची बाकं होतील."

पॉलिश सुकायला संध्याकाळ झाली. बाकं दोरीने आवळून गाडी निघाली तेव्हा अंधार पडला होता. डांबर संपलं, खडी लागली. मागे बाकं खडखडत होती. तो एक स्तोत्र गुणगुणत होता. भूक लागली होती, पण मन प्रसन्न होतं. नवीन बाकं म्हटली की उगीच आशा वाटते.

साडेनऊच्या सुमाराला ओढ्यावरचा अरुंद पूल आला. पुलाच्या तोंडाशी, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, एक बाई उभी.

त्याने ब्रेक दाबला. बाई हलली नाही. म्हातारी नव्हती, पण केस पांढरे, पाठभर मोकळे. हातात दुपट्यात गुंडाळलेलं मूल.

"काय झालं, ताई? आजारी आहे का?"

"तुम्ही पाणी घालता ना डोक्यावर?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो दार उघडून खाली उतरला. इतक्या महिन्यांत कुणी आपणहून विचारलेलं हे पहिलं.

"बाप्तिस्मा? घालतो की. पण बाळाला काय होतंय? गाडीत बसा. माझी बायको नर्स आहे, दहा मिनिटांत पोचू."

"आधी पाणी."

"अहो, पण..."

"आधी पाणी घाला. तिला वेळ नाही."

आता पाळक लोकांचं एक असतं. मूल अखेरच्या घटकेला असेल तर जागा, वेळ, कागद, साक्षीदार काही बघत नाहीत. असेल तिथे, असेल ते पाणी घेऊन बाप्तिस्मा देतात. त्याला तसंच शिकवलं होतं. त्याने गाडीतली पिण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि दिव्यासमोर येऊन उभा राहिला. बाईने दुपटं थोडं सारलं. इवलंसं कपाळ दिसलं, मिटलेले डोळे दिसले.

"नाव काय ठेवलंय?"

"ठेवायला कुठे मिळालं? तुम्हीच द्या."

दिवसभराचा थकलेला माणूस. त्यात आनंद, त्यात घाई. आणि मुलीचं नाव द्या म्हटल्यावर बापाच्या तोंडात कोणतं नाव येणार? जे दिवसातून शंभर वेळा घेतो तेच. ते त्याने घेतलं. तीनदा पाणी घातलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

बाईने ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं.

"चांगलं आहे. हाक मारायला सोपं." मग म्हणाली, "हे आता आमचं ना? परत तर मागणार नाही कुणी?"

"देवासमोर दिलेलं नाव कोण परत मागेल, ताई?"

ती हसली म्हणे. तो गाडीचं दार उघडायला वळला, "चला, बसा" म्हणाला, आणि मागे बघतो तर ती उतारावरून ओढ्याच्या अंगाला निघालेली. त्याने हाका मारल्या. बॅटरी मारली. झुडपं, दगड, पाणी. बाई नाही.

घरी पोचला तो उड्या मारतच. बाकं उतरवायचीही शुद्ध नाही. बायको ताट वाढत होती. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती.

"अगं, आज पहिला बाप्तिस्मा झाला!"

त्याने सगळं सांगितलं. तिने भात वाढता वाढता ऐकलं. ती नर्स. तिचे प्रश्न वेगळे.

"मूल रडलं?"

"नाही."

"पाणी पडल्यावर? गार पाणी ना?"

"नाही रडलं."

"दचकलं? तोंड वाकडं केलं?"

तो आठवायला लागला.

"कपाळाला हात लागला ना तुमचा? कसं होतं?"

"गार."

"किती गार?"

त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तिने डाव खाली ठेवला.

"श्वास चालू होता का, अहो?"

बाहेर रातकिडे होते. तेवढेच.

"आणि नाव? नाव काय ठेवलंत तिचं?"

त्याने मान खाली घातली. हलक्या आवाजात सांगितलं.

बायको उठली, मागचं दार लावलं. पुढचं दार लावलं. खिडक्या लावल्या. मग आत जाऊन मुलीजवळ बसली. त्याचा घास हातातच राहिला.

पहिली हाक आली ती लांबून. ओढ्याकडून.

तेच नाव. हाक मारणारी बाई रागावलेली नव्हती. संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरीला आई बोलावते ना... तशी.

मुलगी अंथरुणात उठून बसली. डोळे मिटलेले.

"ओ!"

"झोप बाळा," बायको म्हणाली.

"आई बोलावतेय."

"आई इथे आहे, राणी. हे बघ, मी."

"तू नाही," पोरगी म्हणाली. "ती."

दुसरी हाक रस्त्यावरून आली.

"ओ!"

तिसरी फाटकापाशी.

मुलगी अंथरुणातून निघायला लागली. बायकोने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं. पाच वर्षांची पोर ती, पण आवरेना. बायको नवऱ्याला म्हणाली, "परत घ्या. जाऊन सांगा तिला, नाव परत घेतलं म्हणून."

"घेता येत नाही गं." तो म्हणाला. "एकदा बाप्तिस्मा दिला की दिला. कुणालाच नाही घेता येत."

तिने मुलीला आणखी घट्ट धरलं. मग म्हणाली, "मग आपलं सोडू या. आजपासून ही मनी. ते नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. तुम्ही नाही. मी नाही. जा, सांगा तिला."

त्याने आठ महिने शोधून शोधून ठेवलेलं नाव ते. त्याच्या आईच्या आवडीचं. त्याच्याच हातून पाणी घालून दिलेलं. तो दारापाशी गेला. कडी काढायचा धीर झाला नाही. फळीला तोंड लावून बोलला.

"ताई... ते नाव तुमच्या मुलीचं. तिचंच. आमच्या मुलीचं नाव वेगळं आहे. त्या नावाची आमच्याकडे कुणी नाही."

बाहेर शांत.

रातकिडेही थांबले.

तो कान लावून उभा. बाईचा श्वास नाही, पाऊल नाही. त्याला वाटलं, गेली. मग फळीच्या पलीकडून, त्याच्या कानाच्या उंचीवर, अगदी हळू...

"मग ओ कोण देतं?"

तो तसाच मागे सरकला.

पुन्हा हाक आली. दारातून. बायकोने मुलीच्या तोंडावर तळवा दाबला. तळव्याखाली ओठ हलले.

पुन्हा हाक.

"मने," बायको तिच्या कानात म्हणत होती, "मने, मने, माझी मने..."

पुन्हा हाक.

तो गुडघ्यांवर होता. ज्या आवाजाने आचारी झारा खाली ठेवायचा, तो आवाज निघेना. नुसते ओठ.

हाक.

तळव्याखाली काही हललं नाही.

हाक...

पोर निजली होती.

मग बराच वेळ काही नाही. मग खिडकीपाशी एकदा. मग नाहीच.

दोघांनी मुलीला मध्ये घेतलं. दोघांचेही हात तिच्यावर. डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण माणूसच. पहाटे कधीतरी लागला.

बायकोला जाग आली तेव्हा फटीतून उजेड येत होता. पहिला हात मुलीच्या नाकाशी. श्वास होता. अंग उबदार होतं. कड्या जागच्या जागी होत्या, आतून. तिने देवाचे आभार मानले आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

हात तिथेच थांबला.

रात्री पोर मोकळ्या केसांनी झोपली होती. आता केस विंचरलेले होते. भांग सरळ. डोकंभर बारीक बारीक वेण्या, एकसारख्या, तासन् तास मांडीवर डोकं घेऊन घालाव्यात तशा. टोकांना दोरा नाही, रिबीन नाही. प्रत्येक वेणीच्या टोकाला एकेक लांब पांढरा केस गुंडाळून गाठ मारलेली.

तिने नवऱ्याला हलवलं. त्याचा हात धरून मुलीच्या डोक्यावर ठेवला.

केसांना तेल चोपडलेलं होतं. अजून कोमट होतं ते.