मागच्या फाटकाची पेटी

सुट्टी लागून नऊ दिवस झाले होते, आणि नऊही दिवस मुंगीनं बाराच्या आत काढता पाय घेतला होता.

"बघ, आजही तेच करणार," ठिणगी कुजबुजली. "पावणेबारा वाजले की म्हणेल, आईनं बोलावलंय. तू तयारीत राहा."

प्रोफेसर तयारीतच होता. त्याच्या वहीत 'पावणेबारा, आईचं निमित्त' ही ओळ नऊ वेळा लिहिलेली होती. गृहपाठाची वही त्यानं जन्मात इतकी नीट ठेवली नव्हती.

तिघं एकाच वर्गातली. ठिणगी चटकन पेट घ्यायची, म्हणून ठिणगी. प्रोफेसरला कुठल्याही वस्तूचं मोजमाप घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि मुंगी वर्गात सगळ्यांत लहानखुरी, पण सगळ्यांत चिवट. सुट्टीत नदीकाठी फळ्यांची झोपडी बांधायची असा तिघांचा बेत होता. पण कामाला हात लागतो न लागतो तोच मुंगी गायब व्हायची. डबा कधी आणायची नाही, आणि कुणी आपला पुढं केला तर म्हणायची, "माझं पोट तुडुंब भरलंय."

पावणेबाराला मुंगी उठली. "आईनं बोलावलंय."

ती वळणापाशी दिसेनाशी झाली तशी दोघं निघाली. दुधाच्या गाडीच्या आडून, भिंतीला चिकटून, एकदा तर चक्क कचऱ्याच्या डब्यामागे बसून त्यांनी तिचा माग काढला. मुंगी घराच्या उलट दिशेनं चालली होती. ठिणगीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. नक्कीच काहीतरी गुपित होतं.

मुंगी जुन्या व्यायामशाळेच्या आवारात शिरली. ठिणगीला आता राहवेना. ती कोपऱ्यावरून उडी मारून पुढं झाली आणि ओरडली, "पकडलं!"

आवारात साठ-सत्तर माणसं रांगेत उभी होती. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात पातेलं. पुढं एका टेबलावर दोन बायका मोठ्या भांड्यातून सूप वाढत होत्या आणि सोबत पाव देत होत्या. सगळी माणसं वळून बघायला लागली. रांगेत मधोमध मुंगी होती. पिशवीतून काढलेला कडीचा डबा छातीशी धरलेली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपर्यंत लाल झाला. ती रांग सोडून, डबा रिकामाच घेऊन पळत सुटली.

"तिनं जेवण घेतलंच नाही," प्रोफेसर हळूच म्हणाला. त्यानं वही मिटून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मुंगी नदीवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी ठिणगी तिच्या घरी गेली. पायऱ्यांवरच मुंगी भेटली, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली.

"मुंगे, चुकलं माझं."

"तू पकडलं म्हणालीस. सगळ्यांनी वळून बघितलं."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तेच तर. ठाऊक नसताना ओरडलीस."

ठिणगी खालच्या पायरीवर बसली. मुंगी म्हणाली, "तुझ्यामुळे त्या दिवशी हा उपाशी झोपला." आणि मग, जसं काही ते बोलून टाकल्यावर बाकीचं सोपं झालं होतं, तशी तिनं सगळी हकिकत सांगितली.

तिच्या घरी अन्नकार्ड होतं. ज्यांची कमाई बेताची, त्यांना सरकारकडून ते मिळायचं. दर महिन्याच्या एक तारखेला कार्डात पैसे जमा व्हायचे, आणि ते फक्त खाण्याच्या वस्तूंवर खर्च करता यायचे. दर सहा महिन्यांनी एक अर्ज भरून द्यावा लागायचा, इतकंच. दोन महिन्यांपूर्वी आई दुकानात गेली, सामान घेतलं, आणि यंत्रानं कार्ड नाकारलं. मागं रांग लागलेली. आईनं आधी अंडी परत ठेवली, मग तांदूळ, मग दूध. यंत्रानं दूधसुद्धा दिलं नाही.

"मग पत्र आलं. तुमचा अर्ज मुदतीत मिळाला नाही, म्हणून कार्ड थांबवलंय. आईनं तर तो भरून अन्नकार्ड कार्यालयाच्या पेटीत टाकला होता. पण खिडकीवरचे कारकून म्हणाले, बाई, तुम्ही विसरला असाल. नवा अर्ज करा, चार महिने लागतील. रोज कुणीतरी तेच म्हणतंय. आता आईलाच वाटायला लागलंय."

दार उघडं होतं. आत मुंगीची आई धुलाई केंद्रातून आणलेल्या शर्टांना बटणं लावत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मीच विसरले असेन गं. डोकं ठिकाणावर राहतं का हल्ली?"

"आई काही विसरत नाही," मुंगी म्हणाली.

"विसरली नाहीच ती," खालच्या मजल्यावरून आवाज आला. दारात तिकीटवाले आजोबा उभे होते. चित्रपटगृह बंद पडेपर्यंत तीस वर्षं त्यांनी तिकीटखिडकीवर काढली होती. बोलताना त्यांना मध्येमध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. "कारण त्या दिवशी मी होतो ना सोबत. मीही टाकला माझा अर्ज. मागच्या फाटकाच्या पेटीत. पुढच्या दाराला पायऱ्या किती! मागं बस थांबते, भिंतीतच पेटी आहे. माझंही कार्ड बंद. आता मी म्हातारा विसरलो म्हणा, पण दोघंही एकाच दिवशी विसरलो?"

त्यांच्या हातात व्यायामशाळेतला पाव होता. त्यांनी तो मधोमध, अगदी सरळ रेषेत मोडला आणि अर्धा मुंगीच्या भावाला दिला.

"आजोबा, तुम्हाला उरलं का?" ठिणगीनं विचारलं.

"मला भूक कुठं लागते आता," ते म्हणाले. त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती भांड्याच्या झाकणासारखी सैल झाली होती.

दुसऱ्या दिवशी ठिणगी, प्रोफेसर आणि मुंगी तिघंही रांगेत उभी राहिली. या खेपेला कुणी ओरडलं नाही. त्यांनी एकेकाला हळूच एकच गोष्ट विचारली. तुमचा अर्ज तुम्ही कुठं टाकला होता? कार्ड अचानक बंद पडलेली चौदा माणसं निघाली. चौदाही जणांचं उत्तर एकच होतं. मागचं फाटक.

प्रोफेसरनं त्या पेटीच्या फटीतून पट्टी आत घातली. चार बोटं जाते न जाते तोच ती कशाला तरी अडली. "कागद आहेत. पेटी गळ्यापर्यंत भरलीय." मग त्यानं बाहेरून खिडक्या मोजल्या. पेटी तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मध्ये होती. ती तिघं फिरून पुढच्या दारानं कार्यालयात गेली. आत तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मध्ये पेटीचं दार नव्हतंच. तिथं एक लोखंडी कपाट होतं, छताला टेकेल एवढं.

"काका, त्या कपाटामागं पेटी आहे," ठिणगी कारकुनाला म्हणाली.

"पेटीतले अर्ज रोज निघतात. शिपाई काढतो."

"मी पुढच्या पेटीतले काढतो," शिपाई म्हणाला. "मागची साहेबांकडे आहे ना?"

"माझ्याकडे? रंगकाम झालं तेव्हा तुलाच सांगितलं होतं." कारकुनानं हात झटकला. "हे बघा पोरांनो, इथं खेळ चालत नाही. मोठ्या माणसाला घेऊन या."

मुंगीच्या आईचे चकरा मारण्यात चार दिवसांचे रोज बुडाले होते. पाचवा बुडाला असता तर कामच गेलं असतं. रांगेतल्या कुणालाच त्या कारकुनासमोर पुन्हा उभं राहायचं नव्हतं. ठिणगीनं वडिलांना गळ घातली. ते बस चालवायचे.

"उद्या बघू," ते म्हणाले.

उद्या जादा फेरी निघाली. परवा बस बिघडली. "अगं, कार्यालय कुठं पळून जातंय का?" ते म्हणाले. ठिणगी चिडली, रुसली, पण तीन दिवस गेले ते गेलेच.

चौथ्या दिवशी सकाळी ती मुंगीकडे पोचली तेव्हा खालच्या मजल्याचं दार सताड उघडं होतं आणि आत दोन अनोळखी माणसं पलंगाची चादर घडी करत होती.

"आजोबा गेले," मुंगी म्हणाली. "पहाटे. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झाला होता, अंगात ताकद उरली नव्हती." ती रडत नव्हती. भावाला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. "आई म्हणते, रोज अर्धा पाव आपण घ्यायलाच नको होता."

ठिणगी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं भावाला आपल्या कडेवर घेतलं. तो तिला वाटलं होतं त्याहून खूप हलका होता.

मागून प्रोफेसर आला. त्यालाही कळलं होतं. त्याचे डोळे सुजले होते. खिशातून त्यानं एक चपटं गजराचं घड्याळ काढलं. मामानं दिलेलं, त्याच्या जिवापाड आवडीचं.

"हे फटीतून जाईल," तो म्हणाला. "मी मापून बघितलंय."

साडेदहाला घड्याळ पेटीत पडलं. अकराला तिघं कार्यालयातल्या बाकावर, रांगेतल्या माणसांमध्ये अंग चोरून बसली होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी कपाट वाजायला लागलं.

आधी कारकुनानं टेबलाचे खण उघडले. मग टेलिफोन उचलून कानाला लावला. शिपायानं कपाट उघडून फायली उपसल्या. आवाज थांबेना, उलट लोखंडामुळे घुमायला लागला. कुणी म्हणालं आग लागल्याची घंटा आहे, कुणी म्हणालं बाहेर पळा. दोन माणसं खरंच पळाली. शेवटी आतल्या खोलीतून मोठ्या अधिकारी मॅडम बाहेर आल्या.

"काय गोंधळ आहे हा?"

ठिणगी उठली. "मॅडम, आवाज कपाटातून नाही, कपाटामागून येतोय. तिथं पेटी आहे. घड्याळ आम्ही टाकलंय. आमचं कुणी ऐकत नव्हतं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. "कपाट हलवा," त्या म्हणाल्या.

चार माणसं लागली. मागं भिंतीत छोटं लोखंडी दार होतं, त्याच्यावरून नवा रंग फासलेला. शिपायानं पेचकसानं रंग खरवडून ते उघडलं, आणि पाकिटं धबाधबा जमिनीवर पडली. घड्याळ त्यांच्यावर वाजत राहिलं. प्रोफेसरनं ते उचलून बंद केलं.

एकूण त्रेपन्न पाकिटं निघाली. कारकून ती उचलायला खाली बसला तो बराच वेळ उठला नाही. "मी त्यांना विसरलात म्हणालो," तो स्वतःशीच म्हणत होता. "सगळ्यांना तेच म्हणालो."

दुपारपर्यंत बातमी पसरली. मॅडमनी त्रेपन्न कार्डं त्याच दिवशी सुरू करायचा आणि थांबलेले महिने भरून द्यायचा हुकूम काढला. मुंगीची आई कामावरून धावत आली. तिनं आपलं पाकीट हातात घेतलं, वरचं स्वतःचं अक्षर बघितलं, आणि बाकावर बसून पदरात तोंड लपवलं. "मी टाकला होता," एवढंच ती म्हणत राहिली. "मी टाकला होता गं."

ठिणगीचे वडीलही आले होते. टोपी हातात घेऊन दारात उभे होते.

"या मुलांनी जे केलं ते आमचं काम होतं," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. आणि आम्हाला मात्र मान खाली घालायला हवी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "तीन दिवस," ते म्हणाले. ठिणगीनं त्यांचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

एकेकाला पाकीट मिळालं. शेवटी टेबलावर एकच उरलं. मॅडमनी त्यावरचं नाव दोनदा पुकारलं.

"ते वारले," मुंगी म्हणाली. "आज पहाटे."

कारकुनानं हलक्या आवाजात विचारलं, "मग हे बंद फायलीत लावू का?"

"नाही." मुंगी टेबलापाशी गेली. तिची हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर येत होती. "आधी त्याच्यावर शिक्का मारा. ते वेळेत आले होते."

कारकुनानं मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यानं पाकीट फोडलं, घडी उलगडली, आणि आजोबांच्या गोल, नीटस अक्षरांच्या खाली शिक्का मारला. त्यात 'मुदतीत प्राप्त' असं लिहिलं होतं. शाई वाळेपर्यंत तिघं टेबलापाशीच उभी राहिली. मग मुंगीनं ठिणगीचा हात धरला, प्रोफेसरनं दार उघडलं, आणि तिघं दूध आणायला दुकानाकडे निघाली.