मागच्या आवारातली पांढरी गाडी

ठाण्यातल्या फोनवरचा आवाज बाईचा होता, दबका. "हॉस्पिटलच्या मागच्या आवारात एक पांढरी गाडी उभी आहे. बंद आहे. आत बाळ रडतंय. कोणीतरी लवकर या."

नाव विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

इन्स्पेक्टर पोचल्या तेव्हा गाडीची पुढची काच फुटलेली होती आणि बाळ सुखरूप वर नेलेलं होतं. ठाण्यातून हॉस्पिटलला निरोप गेला होता. वॉचमनने काच फोडून बाळ बाहेर काढलं होतं.

इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरल्या. गाडी झाडाच्या दाट सावलीत होती. मागच्या दोन्ही काचा बोटभर खाली होत्या, त्यांवर उन्हासाठी काळ्या जाळीचे पडदे लावलेले. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, पाठमोरी बांधलेली. खुर्चीत एक छोटा टॉवेल पडला होता, घट्ट गुंडाळी केलेला.

"बाळ बाहेरून दिसत होतं?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"कुठलं हो! पडदे, त्यात खुर्ची उलटी. पुढच्या काचेला नाक लावलं, तेव्हा खुर्चीच्या कडेने इवलीशी मूठ दिसली."

"रडत होतं?"

"छे. गाढ झोपलेलं. काच फुटल्यावर दचकलं आणि मग जे भोकाड पसरलं..."

"हा टॉवेल?"

"त्याच्या खांद्यांखाली होता. उशी सरकली असेल."

इन्स्पेक्टरांनी टॉवेल उचलून हवालदाराकडे दिला. इकडे धुलाईघर आणि कर्मचाऱ्यांचं दार सोडलं तर काही नव्हतं. पेशंट, नातेवाईक सगळे पुढच्या दाराने येत.

"मॅडम, केस सरळ आहे," हवालदार म्हणाला. "सांभाळणारी बाई पोराला गाडीत टाकून गेली. आता म्हणते, गाडी मी पुढे लावली होती. म्हणजे गाडीला पाय फुटले आणि ती चालत मागे आली."

"तुमच्या गाडीला फुटतात का कधी?"

"माझी तर ढकलूनसुद्धा हलत नाही."

"मग हिला कोणी हलवलं ते बघू."

* * *

सांभाळणाऱ्या मावशी पुढच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. गाडी चोरीला गेली, बाळ गेलं, असं ओरडत त्या रस्त्यावर धावल्या होत्या. एका पायात चप्पल नव्हती. बाळ सापडल्याचं कळल्यावर त्यांना वर जायचं होतं, पण कोणी जाऊ देत नव्हतं.

"मला फक्त एकदा दाखवा त्याला," त्या म्हणाल्या. "लांबून."

"आधी सांगा, गाडी कुठे लावली होती?"

"इथेच. ह्या पायऱ्यांपाशी. बाळाच्या आजींचे डोळे तपासायचे होते, त्यांना लांब चालवत नाही. त्या उतरल्या, वर गेल्या. मी आणि बाळ, आमचा गुंड्या, गाडीतच थांबलो. त्याचा डोळा लागला."

"मग?"

"आजींचा फोन आला. डोळ्यांत थेंब घातलेत, काही दिसत नाही, खाली न्यायला ये." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "मनात आलं होतं, बाई, त्याला उचलून न्यावं. पण उठला असता तर रडून गोंधळ घातला असता. म्हटलं, एक मजला तर आहे. काचा जराशा खाली केल्या, कुलूप लावलं आणि पळतच गेले. आजींची पर्स सापडेना, त्यात वेळ गेला. त्यांचा हात धरून खाली आले, तर गाडीच नाही."

"किल्ली?"

मावशींनी मूठ उघडली. किल्लीचे दात तळव्यावर उमटले होते.

"त्याच्या खांद्यांखाली टॉवेल तुम्ही ठेवलात?"

"टॉवेल? तो तर पिशवीत होता, पुढच्या सीटवर. आणि झोपलेल्या पोराला कोण हलवतं हो? जागं झालं की संपलंच."

हवालदाराने वही मिटली. "म्हणजे सोडून गेलात हे खरं."

"खरं," मावशी म्हणाल्या. "ते कुठे नाकारतेय मी?"

* * *

आजी डोळ्यांच्या विभागाबाहेर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. इन्स्पेक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. आजींचा हात पेल्याच्या बाजूने निघून गेला. पेला त्यांच्या हातात द्यावा लागला.

"मी घसा फोडून सांगत होते," आजी म्हणाल्या. "घरात सख्खी आजी असताना परकी बाई कशाला? पण ऐकतंय कोण! लेक परदेशात, सून दिवसभर हॉस्पिटलात आणि नातू त्या बाईच्या कडेवर. मी घेतला तरी मान वळवून तिलाच शोधतो. मी काय फर्निचर आहे?"

"राग येतो तिचा?"

"येतो. लपवू कशाला? आज तर बरंच झालं, सगळ्यांना कळलं."

"गाडी चालवता तुम्ही?"

"सुनेपेक्षा बरी चालवते."

"आज?"

आजी कडवट हसल्या. "आज समोर दार आहे की भिंत, ते विचारून पाऊल टाकतेय. फोनसुद्धा नर्सबाईंनी लावून दिला."

"मावशींना वर बोलवायचा?"

"हो. मी तशीच भिंत धरत उतरले असते. पण सूनबाई मधे डोकावून गेली. म्हणाली, आई, एकट्या जिना उतरू नका, मावशींना बोलवा. टोचून बोलते कधीकधी, पण काळजी आहे हो तिला माझी."

इन्स्पेक्टरांनी डोळ्यांत थेंब घालणाऱ्या नर्सला विचारून घेतलं. थेंब घातल्यापासून आजी बाकावरून उठल्या नव्हत्या, मावशी येईपर्यंत.

* * *

गुंड्याची आई याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. ती डॉक्टरांच्या खोलीत बसली होती, ऑपरेशनचे हिरवे कपडे तसेच अंगावर, मांडीवर बाळ.

"मला तक्रार करायची नाही," ती शांतपणे म्हणाली. "मावशी वाईट नाहीत. चूक कोणाकडूनही होते. त्यांना शिक्षा वगैरे नको. फक्त उद्यापासून त्या माझ्या घरात नकोत."

"मोठं मन आहे तुमचं."

"मन कसलं? माझ्या मुलाचा प्रश्न आहे."

"गाडीची दुसरी किल्ली कुठे असते?"

"माझ्या लॉकरमध्ये. लॉकर कोणी बंद करत नाही इथे, कपडे बदलायची घाई असते. कोणीही घेऊ शकतं."

"तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

"दोन ऑपरेशनांच्या मधे. आईंना बघून आले, मग रिकव्हरीत. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत तिथे थांबावं लागतं."

बाहेर कोणाशी तरी हुज्जत घालताना मावशींचा आवाज आला. गुंड्याने मान वळवली. दोन्ही हात दाराकडे पसरले आणि तो आईच्या मांडीवरून पुढे झेपावला. डॉक्टरने त्याला मागे ओढलं. तो पुन्हा झेपावला. तिची पकड इतकी घट्ट होती की त्याच्या दंडावर बोटं उमटली.

"दार लावता का?" ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी दार लावलं, पण बाहेर गेल्यावर.

* * *

रिकव्हरीच्या खोलीत एक लहान मूल नुकतंच ऑपरेशन होऊन आलं होतं. नर्स त्याच्या उशाशी उभी होती. इन्स्पेक्टर दारातच थबकल्या. मुलाच्या डोक्याखाली उशी नव्हती. खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी होती.

"हे असं का?"

"लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं ना," नर्स म्हणाली. "झोपेत मान पुढे झुकली की श्वासाची वाट अडते. खांदे थोडे उचलले की मान सरळ राहते. भूल दिलेल्या बाळाला पहिलं हेच करायचं, आमच्या हाताला सवयच आहे."

इन्स्पेक्टर खिडकीपाशी गेल्या. खाली मागचं आवार होतं. झाड, आणि झाडाखाली फुटक्या काचेची पांढरी गाडी. खिडकीच्या कट्ट्यावर टेलिफोन होता.

"मघाशी इथे कोण कोण होतं?"

नर्सने सांगितलं. इन्स्पेक्टरांनी हवालदाराला हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटरकडे पिटाळलं.

* * *

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या अपुऱ्या पडल्या. आजी बसल्या, मावशी दारापाशी उभ्या राहिल्या. गुंड्या रडून दमून आईच्या खांद्यावर पडला होता.

"मावशींनी बाळाला एकटं सोडलं," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि ते कागदावर येईल. पण त्यांनी गाडी पुढे सोडली, सापडली मागे. कोणीतरी दुसरी किल्ली लावून ती नेली."

"चोर असणार," आजी म्हणाल्या.

"चोर गाडी घेऊन पसार होतो, आजी. सावली शोधून लावत नाही. मग आम्हाला फोन आला की बाळ रडतंय. बाळ झोपलं होतं. बरं, पडद्यामागे, उलट्या खुर्चीतलं बाळ बाहेरून दिसतही नव्हतं. म्हणजे फोन करणारीने आत पाहून फोन केला नाही. आत कोण आहे हे तिला आधीच माहीत होतं."

डॉक्टर बाळाची पाठ थोपटत होती. तिचा हात थांबला नाही.

"आधी संशय आला तो आजींवर. राग होता, गाडी चालवता येत होती, मावशींना वरही त्यांनीच बोलावलं. पण त्यांना पाण्याचा पेला धरता येत नव्हता, गाडी काय चालवणार? आणि बोलावण्याची कल्पना त्यांची नव्हती. ती कोणाची होती, आजी?"

आजींनी चष्मा काढला. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी त्या सुनेच्या दिशेने बघत राहिल्या.

"राहिला टॉवेल," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "मावशींनी तो पिशवीतून काढला नव्हता. गाडी नेणारीने काढला आणि बाळाच्या खांद्यांखाली सरकवला. डोक्याखाली नाही, खांद्यांखाली. डॉक्टर, तुम्हाला त्याला काही होऊ द्यायचं नव्हतं. गाडी सावलीत लावलीत. उतरलात, मागचं दार उघडून पाहिलंत, तर त्याची मान झुकलेली दिसली. तुमच्या हातांनी रोजचं काम केलं. विचारसुद्धा केला नसेल."

"नर्सही असंच करतात," डॉक्टर म्हणाली.

"करतात. पण तुमची नर्स म्हणते, तुम्ही लॉकरकडे जाऊन आलात आणि मग कितीतरी वेळ खिडकीपाशी पाठ करून उभ्या होतात. तिथूनच फोन केलात. आमच्याकडे आलेला फोन त्याच खोलीतून लागल्याचं ऑपरेटर सांगतो."

"मी नजर हलवली नव्हती गाडीवरून," डॉक्टर म्हणाली. "एक क्षणसुद्धा नाही."

"त्या वेळी तुमच्यामागे एक मूल शुद्धीवर येत होतं. त्याच्यावर कोणाची नजर होती?"

पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "नर्स होती," ती पुटपुटली.

"सूनबाई, पण का?" आजींचा आवाज फाटला. "काढून टाकायचं होतं, तर सरळ सांगायचं!"

"काय सांगायचं? काय कारण द्यायचं? ती चुकतच नव्हती!" डॉक्टर एकदम बोलू लागली. "वेळेवर जेवण, वेळेवर झोप, अंगावर एक ओरखडा नाही. मी घरी येते तेव्हा माझ्या मुलाच्या केसांना तिच्या केसांच्या तेलाचा वास असतो. मी घेतलं की रडतो. तिने घेतलं की हसतो. आणि परवा तो पहिल्यांदा आई म्हणाला. मी तिथेच होते, शेजारी. तिच्याकडे बघून म्हणाला. ती काय म्हणाली, सांगू? 'अरे, आई ती, मी नाही.' हसत! मला दान करत होती."

मावशी खाली बघत होत्या. "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तेच तर."

"मला एकदा सांगायचं होतं, बाई. मी गेले असते."

"आणि सगळे म्हणाले असते, इतकी चांगली बाई हिने घालवली. मला तुम्ही चुकायला हव्या होतात. एकदाच. एवढा जीव आहे ना त्याच्यावर, तर सोडून जाता की नाही, हे बघायचं होतं मला." डॉक्टरने डोळे वर केले. "आणि गेलात तुम्ही."

"गेले," मावशी म्हणाल्या. "त्याला उचलून नेला असता, तर तुमचं काहीच चाललं नसतं. ते माझंच चुकलं."

इन्स्पेक्टर उठल्या. "डॉक्टर, ठाण्यावर यावं लागेल. बाळाला कोणाकडे द्यायचं?"

आजींनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. "मला आज माझाच हात दिसत नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर जागची हलली नाही. हवालदाराने घसा खाकरला. इन्स्पेक्टरांनी त्याला खुणेने गप्प केलं. त्यांना घाई नव्हती.

मग डॉक्टर स्वतःच उठली. चार पावलं चालून दारापर्यंत गेली. गुंड्याने खांद्यावरून डोकं उचललं, मावशींना पाहिलं आणि तिच्या हातांतून तो त्यांच्याकडे झेपावला. त्यांच्या मानेत तोंड खुपसून त्याने एक लांब उसासा टाकला. डॉक्टर बघत राहिली.

"रात्री तो मधेच उठतो," ती म्हणाली. "तेव्हा दिवा लावायचा नाही. नुसता कपाळावर हात ठेवायचा, आणि..."

"माहीत आहे मला," मावशी हळूच म्हणाल्या.