महाराजांच्या मापाचा माणूस

परक्या देशाचे महाराज येणार म्हणजे तालीम आलीच. खरे महाराज काही तालमीला येत नाहीत, म्हणून त्यांच्या उंचीचा माणूस उभा करतात. शिष्टाचार विभागाच्या बाईंना शोधायला लांब जावं लागलं नाही. काखेत कळसा म्हणतात तसा, जुन्या कागदपत्रांच्या विभागात फायली बांधणारा त्यांचा नवराच मापाचा निघाला. गळ्यात ‘महाराज’ अशी पाटी अडकवून तो गाडीतून उतरायचा, बत्तीस पावलं चालायचा. बाई ‘तालीम संपली’ म्हणेपर्यंत त्याला महाराजच म्हणायचं, हा विभागाचा जुना नियम.

पहिल्या दिवशी तो पायरीवर अडखळला. सगळे हसले.

“राजेपण नशिबात असावं लागतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या तालमीच्या शेवटी बाईंचा फोन वाजला. फुलांच्या रंगावरून साहेब तापले होते. त्यांची समजूत काढत बाई निघून गेल्या, आणि ते दोन शब्द म्हणायचे राहिले.

तिसऱ्या दिवशी नवरा अडखळला नाही. पायरीपाशी थांबून त्याने अंगठ्याने बोटातली अंगठी फिरवली. बोटात अंगठी नव्हतीच.

तालीम पाहायला आलेला पाहुण्यांचा सचिव चमकला. “महाराजांची ही सवय फक्त गोपनीय पाकिटात लिहिली आहे. ते तुमच्या कपाटात असतं ना, बाई?”

पाकीट फुटलं असेल तर नवरा-बायको दोघांच्याही नोकऱ्या जाणार होत्या.

“अहो, माझं कपाट उघडलंत का?” त्यांनी घरी विचारलं.

तो जेवणाच्या टेबलाशी नुसता उभा होता. बाईंनी खुर्ची ओढून दिली, तेव्हा बसला.

“आभारी आहे,” म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

सकाळी दाराला कुलूप लावताना ‘अगं, गॅस बंद केलास ना?’ हा त्याचा रोजचा प्रश्न आला नाही. बाईंनी ऑफिसात जाऊन पाकीट पाहिलं. लाखेचं सील जसंच्या तसं होतं. संशय घ्यायचा तरी कुणाचा? त्यांना आता नवऱ्याचीच भीती वाटू लागली.

भेटीच्या दिवशी खरे महाराज गाडीतून उतरले आणि पायरीवर अडखळले.

कुणी हसलं नाही.

परतताना ते बाईंसमोर थांबले. डोळे भेदरलेले होते.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “गॅस बंद केलास ना?”

रक्षकांनी अदबीने त्यांना गाडीत बसवलं. दार लागलं. गाड्या निघून गेल्या.

बाई धावत जुन्या कागदपत्रांच्या विभागात गेल्या. बंद दारासमोर नवरा उभा होता, हात पाठीमागे बांधून.

“सकाळपासून असेच उभे आहेत,” तिथला कारकून म्हणाला.

“तालीम संपली,” बाई म्हणाल्या. मग ओरडल्या, “अहो, संपली तालीम!”

त्याने त्यांच्याकडे पाहून सौजन्याने मान झुकवली, आणि कुणीतरी दार उघडण्याची वाट पाहत उभा राहिला.