यबूसच्या पाणवाटेवरचा कौल

ख्रिस्तजन्माच्या सुमारे हजार वर्षे आधीची ही हकीकत. यबूसी लोक किल्लेदाराच्या कारकिर्दीवरून वर्ष सांगत, आणि त्यांच्या लेखी ते एहलीया किल्लेदाराचे नववे वर्ष होते. जवाची कापणी झाली होती, गहू शेतात उभा होता, आणि तो कापायला तटाबाहेर पडण्याची सोय उरली नव्हती; कारण डोंगराखाली इस्राएलांच्या नव्या राजाचा वेढा पडून बारा दिवस झाले होते.

पहाटे दऱ्यांत धुके भरले की यबूसचा गड पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसे. गड मोठा नव्हता. एक अरुंद डोंगरसोंड, तीन अंगांना दऱ्या, आणि वर दाटीने बसलेली घरे. इस्राएल लोक त्या मुलखात येऊन कित्येक पिढ्या झाल्या, पण हा गड त्यांच्या हाती लागला नव्हता, याचे श्रेय तटाला होतेच, पण त्याहून अधिक पाण्याला होते. झरा तटाबाहेर, पूर्वेच्या दरीच्या तळाशी. परंतु यबूसींच्या पूर्वजांनी गडाच्या आतून खडकात पायऱ्या खोदून खाली एक दालन कोरले होते, आणि त्या दालनाच्या जमिनीत एक उभे विवर होते, सात-आठ पुरुष खोल, थेट झऱ्याच्या पाण्यावर उतरणारे.

त्या विवरातून पाणी ओढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या गडावरच्या आंधळ्यांकडे होते. खाली दिवा नेण्याची मनाई होती. तेलाचा थेंब पडला की पाणी बाटते अशी लोकांची समजूत. आणि मिट्ट काळोखात डोळस माणसापेक्षा आंधळाच बरा. या सगळ्यांची मुख्य होती किल्लेदाराची थोरली बहीण नूहेपा. ती जन्मांध, पन्नाशी ओलांडलेली. भावाच्या घरी भावजय किरूशा आणि दोन भाच्यांबरोबर राही. तिच्या हाताखाली दोन नियम कधी मोडले जात नसत. कातडी पोहरा वर आला की सगळा दोर वर ओढून घ्यायचा, हातभरसुद्धा खाली लोंबकळत ठेवायचा नाही. आणि दोराचे टोक खडकातल्या खुंटाला सुरगाठीनेच बांधायचे, म्हणजे पोहरा कुठे अडकला, तोल गेला, तर एका हिसक्यात दोर सोडून देता येईल.

वेढ्याच्या नवव्या दिवशी सदरेवर खलबत बसले. तालमाय नावाचा कारभारी बोलायला उठला.

"जुना रिवाज आहे, किल्लेदार. गडावरचा एकूण एक आंधळा आणि लंगडा तटावर उभा करायचा आणि शत्रूला ऐकवायचं, की या दरवाज्यात जो पाय ठेवील त्याची गत यांच्यासारखी होईल. मात्र एकही खाली राहता कामा नये. राहिला तर शाप लागत नाही. आपल्या आजोबांच्या वेळी याच शापानं वेढा उठला होता."

"वेढा हगवणीनं उठला होता," दाराशी बसलेली नूहेपा म्हणाली.

"ती शापानंच लागली, बाईसाहेब."

सदरेवर हशा झाला. पुष्कळ दिवसांनी झाला होता, म्हणून जरा जास्तच वेळ चालला.

"आणि आमच्या जागी पाण्यावर कोण?" तिने विचारले.

"दोन शिपाई देतो. चांगले डोळ्यांचे." तालमाय हसून म्हणाला, "नाही तरी पाण्याला पहारा कशाला? ते काही पळून जात नाही."

"पाणी जात नाही, कारभारी. कोण येतंय ते ऐकावं लागतं."

एहलीया सावकाश म्हणाला, "ताई, शिबंदी निम्मी उरली आहे. लोकांना धीर हवा. तटावर काही तरी उभं दिसलं पाहिजे."

"एकाला तरी खाली ठेव. मला नको ठेवूस, दुसऱ्या कुणालाही ठेव."

"एकालाही नाही. उद्या काही वाईट झालं तर लोक म्हणतील, बहिणीच्या हट्टापायी किल्लेदारानं शाप अर्धवट ठेवला."

तिने शिपायांना दोन्ही नियम सांगितले. त्यांनी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे तटावर उभे राहिले. नूहेपाच्या शेजारी शूवा नावाचा लंगडा कुंभार होता. त्याची जीभ दोन्ही पायांची कसर भरून काढी.

"आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी एवढ्या उंचावर बसवलं," तो म्हणाला. "आणि कशासाठी, तर बघा रे, असे व्हाल."

"खाली काय दिसतं?"

"तंबू. धूर. माणसं. आपल्याकडे बघून पोट धरून हसतायत. एक जण माझ्यासारखा लंगडून दाखवतोय. बरं जमलंय त्याला."

तटावरच्या दवंडीवाल्याने शाप उच्चारला. खालून हसणे वर आले. दुसऱ्या पहाटेही तेच झाले. तिसऱ्या पहाटे शाप उच्चारला गेला, आणि खालून काहीच आले नाही.

नूहेपा वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "शूवा, हसणारे कुठे गेले?"

"कंटाळले असतील. तोच तो विनोद किती दिवस चालणार?"

"तंबू मोजू नकोस. माणसं बघ."

शूवाने तटावरून वाकून पाहिले. "धूर आहे," तो शेवटी म्हणाला, "पण धुरापाशी फारसं कुणी नाही. पूर्वेकडचे तर कुणीच नाहीत."

पूर्वेकडे झरा होता. नूहेपाने तटाच्या दगडावर हात टेकला आणि ती पायऱ्यांकडे वळली. लगेच कुजबुज उठली. एहलीया आडवा आला.

"ताई, खाली उतरलीस तर शाप तुटेल."

"तुटू दे."

"लोक तुला जन्मभर बोल लावतील. मलाही आवरता येणार नाही."

"लावू देत. तुझी चार माणसं माझ्याबरोबर दे."

"तटावरून एक माणूस हलवता येत नाही." त्याने क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "जाऊन ये. लवकर ये."

तटावरच्या लोकांनी तिला जाताना पाहिले. कुणी तरी थुंकल्याचा आवाज तिने ऐकला. दरवाज्यापाशी ती थोडी थांबली; तिथे पहारा नव्हता, सगळे वर शाप ऐकायला गेले होते. तिथून चाळीस पावलांवर पाण्याच्या पायऱ्या.

खाली उतरताना तिला जळत्या तेलाचा वास आला. शिपायांनी दिवा लावला होता. "हूरी," तिने एका शिपायाला हाक मारली, "दिवा विझव रे आधी." उत्तर आले नाही. दालनात पाय ठेवला तेव्हा तळव्याला ओल लागली. ती ओल कोमट होती.

दालनात माणसे होती. ती श्वास धरून भिंतींना टेकून उभी होती, पण इतकी माणसे एकदम श्वास धरू शकत नाहीत. ओल्या चामड्याचा वास होता, आणि विवराच्या तोंडाशी दोर दगडावर करकरत होता. शिपायांनी दोर खाली सोडून ठेवला होता. तिने सगळे ओळखले आणि तिच्या आत काहीच हलले नाही. भीती यायला हवी होती. ती आली नाही. आपल्या जागी दुसरीच कुणी बाई उभी आहे असे तिला वाटले, आणि त्या बाईला काय करायचे ते माहीत होते.

ती रोजच्यासारखी चालत खुंटापाशी गेली. कुणी तरी पुढे सरकले. कुणी तरी त्याला मागे ओढले. आंधळी म्हातारी, हिला काय दिसणार; उगीच ओरडली तर आवाज वर जाईल. तिने गाठीवर हात ठेवला. दोर ताठ होता आणि थरथरत होता.

"तुम्ही अठरा-एकोणीस जण आहात," ती म्हणाली. "दोरावर आणखी पाच-सहा. ही सुरगाठ आहे. कुणी माझ्याकडे एक पाऊल टाकलं तर मी ती ओढीन."

मग समोरून एक शांत, थोडा घोगरा आवाज आला. "दोरावर माझा धाकटा भाऊ आहे."

"नाव काय तुझं?"

"मलकीया. या तुकडीचा नायक." मग तो म्हणाला, "बाई, तू दोर सोडलास तरी आम्ही वर जाऊ. दरवाजा जवळ आहे. तुमची माणसं तटावर बाहेर तोंड करून उभी आहेत."

"ते मला तुझ्याआधी ठाऊक आहे. गड गेला. मी गडाचं बोलत नाही. घरांचं बोलते. मला कौल हवा. घरात शिरायचं नाही, बायकापोरांना, म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही, आणि ज्यानं शस्त्र टाकलं त्याला मारायचं नाही. यबूसी इथंच राहतील, आपल्या घरात, आपल्या शेतावर."

"शस्त्र ज्यानं टाकलं नाही त्याचं?"

"किल्लेदार माझा भाऊ आहे. त्याला जिवंत धर."

"त्यानं तलवार टाकली तर धरीन. नाही टाकली तर माझ्या माणसांना मी थांबवू शकत नाही. खोटा कौल हवा असेल तर तोही देतो."

एहलीया तलवार टाकणार नव्हता. हे तिला जितके पक्के माहीत होते तितके दुसरे काहीच माहीत नव्हते. वर घरांमध्ये किरूशा होती, दोन भाच्या होत्या, शूवाची माणसे होती, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे तटावर तो एकटा. दोर तिच्या बोटांखाली थरथरत होता.

"खरा दे," ती म्हणाली.

मलकीयाने आपल्या देवाच्या नावाने शपथ घेतली आणि माणसांकडूनही एकेक करून घेवविली. मग एकेक माणूस दोरावरून वर आला. मलकीयाने आपल्या भावाला हात देऊन वर घेतले. शेवटचा माणूस वर येईपर्यंत तिने गाठीवरचा हात काढला नाही. मग सगळे पायऱ्यांनी वर गेले, आणि ती तिथेच बसून राहिली. वर दरवाज्याचा अडसर निघून पडल्याचे तिने ऐकले, त्यानंतरचे सगळेच ऐकले. फार वेळ लागला नाही.

एहलीया दरवाज्याच्या बुरुजावर पडला. त्याला तीनदा तलवार टाकायला सांगितली होती, असे नंतर कळले. कारभारी तालमायने पहिल्याच हाकेला शस्त्र टाकले. पुढे तो नव्या राजाच्या धान्यकोठारांवर देखरेख करू लागला आणि सुखाने म्हातारा झाला. शूवा कुंभाराने आपल्या जुन्याच भट्टीत इस्राएलांसाठी मडकी भाजली आणि त्यांच्या भाषेतही लोकांना हसवायला शिकला. मलकीयाने कौल पाळला. घराला एक ठिणगी लागली नाही, आणि यबूसी आपल्या घरांत, आपल्या खळ्यांवर पुढे कित्येक पिढ्या राहिले. मलकीया दुसऱ्याच वर्षी कुठल्याशा लढाईत आपल्या बहुतेक तुकडीसकट मेला, तेव्हा कौलाची गोष्ट सांगणारे त्या बाजूला फारसे कुणी उरले नाही. आणि या बाजूला ती कुणाला माहीतच नव्हती.

लोकांना एवढेच माहीत होते की नूहेपा तटावरून उतरली, शाप तुटला आणि त्याच सकाळी गड पडला. बाया तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहीनाशा झाल्या. शूवाने एकदा तिला विचारले, खाली काय झाले. तिने सांगितले. तो म्हणाला, "मग लोकांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? की मी गाठ धरून बसले होते आणि एहली वर होता?"

शूवाला त्यावर विनोद सुचला नाही.

ती आणखी बावीस वर्षे जगली, भावाच्याच घरात. किरूशाने तिला घराबाहेर काढले नाही. भाच्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, ती मुले नूहेपाच्या मांडीवर खेळली. रोज संध्याकाळी किरूशा नणंदेपुढे भाकरी ठेवी, तिचा हात धरून तो भाकरीवर नेई, आणि उठून जाई. त्या बावीस वर्षांत ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नूहेपाही काही बोलली नाही. पुढे आलेले ती खाई, आणि हात धुई.