ढिला स्क्रू

चष्म्याची काडी निखळली ती शनिवारी सकाळी, चहा गाळताना. इवलासा स्क्रू कुठे उडाला ते बघायला चष्मा हवा होता, आणि चष्मा तर दोन तुकड्यांत माझ्या हातात. दुपारी माझा बारावीचा अर्थशास्त्राचा क्लास. करंजाड्यातल्या माझ्या घरी ज्या बॅचेस भरतात, त्यांत शनिवारची सगळ्यात मोठी. तिच्यावरच माझं घर चालतं म्हणा ना. म्हणून रिक्षा करून पनवेल गावात आले आणि चाचपडत झिराडकर चष्मेवाल्यांच्या दारात उभी राहिले.

शटर बंद.

भर बाजारात, शनिवारी सकाळी! पाऊस भुरभुरत होता. दुकानाच्या पत्र्याखाली एक पांढरा शर्ट आडोशाला उभा होता. चष्म्याशिवाय मला माणसं अशीच दिसतात, नुसते रंग. मी शर्टाला विचारलं, हे कधी उघडतं?

"उद्या," शर्ट म्हणाला. आवाज मात्र छान होता, सावकाश बोलणारा. "शनिवारी बंद असतं."

मी चिडले की शिकवायला लागते. म्हटलं, या मालकाला एक तर अक्कल नाही, नाहीतर फार आहे. त्याने विचारलं, फार कशी? मग मी त्याला समजावलं. आज परत गेलेलं गिऱ्हाईक उद्या येणार, उद्या रांग लागणार, आणि रांग बघून आणखी लोक येणार. ज्या दुकानासमोर गर्दी तेच चांगलं, असं आपण धरूनच चालतो. म्हणजे हा माणूस मुद्दाम टंचाई करतो. पक्का धूर्त.

"आणि दोन्ही नसेल तर?" शर्टाने विचारलं.

उत्तर द्यायच्या आत तो पावसात चालू लागला होता. मी चिकटपट्टी लावलेल्या चष्म्याने क्लास घेतला आणि पोरांनी जमेल तितकं हसू दाबलं.

रविवारपर्यंत चिकटपट्टीही सुटली होती. दुकानात खरोखरच गर्दी होती. माझा अंदाज बरोबर आला म्हणून मी खुशीत होते, तेवढ्यात काउंटरमागून तोच सावकाश आवाज आला.

"बसा मॅडम. धूर्त माणूस येतोच आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. त्याने काडी बसवली, बोटाएवढ्या पेचकसाने नवा स्क्रू फिरवला, आणि चष्मा माझ्या हातात न देता स्वतःच माझ्या नाकावर ठेवला. कानामागे नीट बसलाय का ते बघायला त्याची बोटं क्षणभर केसांना लागली... आणि धुकं सरून समोर जे पहिलं स्पष्ट दिसलं, तो तोच. दाट भुवया, हसू आवरणारे ओठ. चष्म्याचा नंबर बरोबर होता, पण माझी नजर काही केल्या स्थिर होईना.

"शनिवारी मी मशिदीत असतो. काल तिकडेच निघालो होतो, पावसाने अडवलं," तो म्हणाला.

मी आडनावावरून त्याला अलिबागकडचा, आपल्यातलाच धरून बसले होते. मशीद म्हटल्यावर गडबडले. तरीही शहाणपणा सुटला नाही. म्हटलं, मग शुक्रवारी बंद ठेवायला हवं ना?

तो पोटभर हसला. "आमची शनिवारची. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. सिनेगॉगला घरात मशीदच म्हणतो. मी एलाद. आणि गाव झिराडच, अलिबागकडचं. तेवढं तुमचं बरोबर आहे."

पूर्वी त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. माझे डोळे चमकले. म्हटलं, ही तर अस्सल जाहिरात. 'आमचा माल शुद्ध' हे पाटीवर कुणीही लिहील, लिहायला काय जातंय? पण जो देवासाठी आठवड्याची एक कमाई सोडतो, तो थेंबभर तेलासाठी भेसळ करणार नाही, असं लोकांना वाटतं. ज्यासाठी काही मोजावं लागतं, त्यालाच किंमत.

"म्हणजे तुम्ही सुंदर दिसता असं मी म्हटलं तर..."

"फुकटचं. भाव शून्य."

"आणि गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तुमच्याशी बोलत बसलो तर?"

मी मागे वळून पाहिलं. बाकावरच्या आजीबाई आमच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्यामागे दारापर्यंत माणसं उभी होती. मी घाईने पर्स उचलली, ती उलटी.

पुढच्याच आठवड्यात स्क्रू ढिला झाला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासात करायचा आणि मी त्याला पनवेलच्या बाजारातली कोडी उलगडून दाखवायची. सोन्याची दुकानं एकाच गल्लीत का, फुकट वाटलेली कापडी पिशवी घरी आली की लोळत का पडते. तो ऐकायचा, आणि मध्येच असं काही विचारायचा की माझी गाडी रुळावरून घसरायची. एकदा घटत्या सीमांत उपयोगितेवर आलो. एकच वस्तू पुन्हा पुन्हा मिळाली की तिचं समाधान कमी होत जातं. पहिला आंबा अमृत, दहावा नकोसा.

"आपल्या भेटींचं काय?" त्याने पेचकस खाली ठेवला.

"नियमाला अपवाद असतात. पुस्तकातच दिलेत. छंद, कंजूष माणूस, व्यसन..."

"मी कशात मोडतो?"

"व्यसनात."

"निदान छंदात तरी धर," तो म्हणाला. तुम्ही जाऊन तू कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. माझ्याबरोबर शिकवणारी नीता म्हणाली, चष्म्याचा नाही, तुझाच स्क्रू ढिला झालाय. मी कबूल केलं. प्रेमात पडले होते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

मग ऑगस्टात एक दिवस एलादने पेचकस उचललाच नाही. त्याची बहीण निरीत इस्राएलमध्ये असते. ती कधीपासून बोलावत होती. तिथे त्याच्यासाठी कामही बघून ठेवलं होतं. नव्याच्या सणानंतर, म्हणजे त्यांचं नवं वर्ष लागल्यावर, निघायचं की नाही हे ठरवायचं होतं. पण दुकान आजोबांचं. वडिलांनी आयुष्य घातलं त्यात. ते कसं सोडायचं, असं त्याने विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

आता कुठल्याही शहाण्या बाईला कळलं असतं की हा दुकानाबद्दल विचारत नाहीये. पण मला प्रश्न दिसला की उत्तर सुचतं. मी म्हटलं, आजवर घातलं ते बुडीत खात्यात धर. ते थांबलास तरी परत येत नाही आणि गेलास तरी नाही. महागाचं तिकीट काढलं म्हणून रटाळ नाटक शेवटपर्यंत बघायचं नसतं. पुढे काय मिळणार तेवढंच बघ.

"पुढे काय मिळणार..." तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

त्याने माझा चष्मा काढून घेतला. स्क्रू फिरवला, आणखी फिरवला, वर कसल्याशा डिंकाचा थेंब सोडला. म्हणाला, आता हा ढिला होणार नाही.

करंजाड्याला पोचेपर्यंत मला कळलं नाही. रिक्षातून उतरताना चष्मा सारखा करायला हात नेला, काडी जागची हलली नाही, आणि लख्ख उजेड पडला. म्हणजे इतके दिवस तो मुद्दाम ढिला ठेवत होता! गिऱ्हाईक परत यावं म्हणून. आणि आज त्याने ते कायमचं घट्ट करून टाकलं होतं, कारण मीच त्याला तसा हिशोब शिकवला होता. मी जिन्यातच बसले आणि रडले. गणितात सगळं धरलं होतं मी, फक्त मला सोडून.

फोन करता आला असता. पण काय बोलणार, जाऊ नकोस? शब्दांचा भाव मीच शून्य ठरवून ठेवलेला. मग मी क्लासच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: शनिवारची बॅच यापुढे कायमची बंद. पालकांचे फोनावर फोन आले. निम्म्यांनी दुसरा क्लास शोधतो म्हणून सांगितलं. तरी मी ओळ काढली नाही.

शनिवारी दुपारी मी झिराडकरांच्या घरी गेले. दार त्याच्या आईने, आदिनाकाकूंनी उघडलं. दुकानात येता-जाता आमची ओळख झाली होती.

"अगं ऋचा, आज तुझा क्लास असतो ना?"

"बंद केला काकू. शनिवारचा कायमचा बंद."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग आतल्या खोलीकडे. "मी जाऊन येते निरीतकडे महिनाभर," त्या मोठ्याने म्हणाल्या, आत ऐकू जाईल अशा बेताने. "बाकीच्यांनी आपापलं बघावं." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

एलाद दारात येऊन उभा होता. शनिवारचा पांढरा शर्ट, आणि आज मला त्याची बटणंसुद्धा दिसत होती.

"तुझी सगळ्यात मोठी बॅच होती ती," तो म्हणाला.

"म्हणून तर तीच बंद केली. छोटी बंद करून तुला काय कळलं असतं?"

तो खाली बघू लागला. मला वाटलं, उशीर झाला. तरी मी सांगून टाकलं, "पुढे काय मिळणार ते त्या दिवशी सांगायचं राहिलं. मी मिळणार. चालत असेल तर थांब."

मग चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. तो पुन्हा पांढरा रंग झाला. बरंच झालं, कारण माझे डोळे भरले होते. "आणि हा स्क्रू ढिला करून दे. फार घट्ट झालाय."

"आज शनिवार," तो म्हणाला. हसू आवरल्यासारखा आवाज. "शनिवारी मी काम करत नाही."

"माहितीये. मी थांबते."

त्याने चष्मा घेतला आणि सावकाश माझ्या नाकावर परत ठेवला. बोटं कानामागे गेली आणि या वेळी तिथेच राहिली.

"मग मीही थांबतो," तो म्हणाला.