शाबासकीचा शिक्का

पहिल्या धडकेत सत्यवान मोंडकरची होडी उभी चिरली. दुसऱ्या धडकेत त्याच्या सोबत्याचं डोकं फळी आणि पोलादामध्ये सापडून नारळासारखं फुटलं. आता सत्यवान एकटाच लाल पाण्यात हातपाय मारत होता, आणि ती बिनमाणसाची राखणनौका त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. बिचारा सत्यवान काही चोर नव्हता. इंजिन बंद पडून राखीव पाण्यात वाहत आला होता.

जेटीवर त्याची बायको वासंती हे सगळं शलाकाच्या टॅबवर पाहत होती. या नौकांना वळण लावणारी शास्त्रज्ञ ती हीच शलाका.

"कोण चालयता तिका?" वासंतीनं तिचा दंड आवळला.

"कोणीच नाही, वहिनी. ती आपणहून चालते."

"मगे थांबव तिका!"

थांबवायची सोयच नव्हती. चोरट्या ट्रॉलरवाल्यांनी खोटे हुकूम धाडून नौका पळवल्या, तेव्हापासून हुकुमाचं दार कायमचं बंद होतं. नौका शिकत त्या फक्त कौतुकातून. घरबसल्या कॅमेऱ्यांतून किनारा राखणारे, कुणाला सोडायचं नि कुणाला उडवायचं ते गस्तीवाल्यांना कळवणारे हजारो स्वयंसेवक एकमेकांना शाबासकीचे संदेश पाठवत. शलाका आणि तिचा सहकारी निनाद ते वाचून प्रत्येकावर गुणाचा शिक्का मारत: चिकाटी, मदत, तत्परता. पुढे यंत्रही त्यांच्यासारखेच शिक्के मारायला शिकलं. ज्या वागण्यावर शिक्का, ते वागणं नौका लगेच गिरवणार. याला शलाकानं 'वाहवावळण' असं नाव दिलं होतं आणि सभासभांतून ती ते मिरवत असे.

"ती हुकूम घेत नाही, वहिनी. फक्त कौतुकातून शिकते."

"मगे तिचा कौतुक कर," वासंती म्हणाली. "सोडलंस तर उपकार होतीत, म्हणान लिव. माझो घोव आसा तो!"

शलाकानं टॅब छातीशी धरला. 'दया' असा शिक्का पूर्वी होता. 'गरीब होता, सोडलंत, बरं केलंत' या संदेशाला ती दया म्हणे, निनाद म्हणे कामचुकारपणा. एकमत होईना, आणि एकमत नसलं की वरिष्ठ त्यांचा अहवाल परत पाठवत. 'जाळ्यासकट उडवलंत, झकास!' या संदेशांवरही तसेच खटके उडत. शेवटी दोघांनी चहा पिता पिता दोन्ही ढीग 'तत्परते'त लोटले. एकमत झालं, सगळे खूश. पण त्या ढिगात सोडणारे मूठभर आणि उडवणारे ढीगभर होते. आता कुणी दयेचं कौतुक केलं, तरी नौकेला ते उडवल्याचं कौतुक म्हणूनच पोचे.

"नको, वहिनी. उलट होईल..."

वासंतीनं तिच्या मुस्काटात भडकावली आणि टॅब हिसकावला. ओठ फुटून रक्त आलं तरी शलाका झोंबत राहिली. वासंतीनं तिला ढकलून पाडलं.

"बाये, सोड त्याका," ती टॅबमध्ये बोलली. "तुजे उपकार जन्मात इसरूचंय नाय."

संदेशावर शिक्का उमटला: तत्परता. घिरट्या सोडून नौकेनं नाक सरळ सत्यवानकडे वळवलं.

"ऐकल्यान! गो बाय माजे, ऐकल्यान!"

वासंतीनं हात जोडले. नौकेचा वेग वाढत होता, आणि वासंती रडत रडत आभारच मानत होती.